थायरॉईड काढल्यानंतर: गोळीचा हिशेब वेगळा, वजनाचा वेगळा

पत्र

डॉक्टर, मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. वय ४६. गेल्या वर्षी मार्चमध्ये नागपूरला माझी थायरॉईडची पूर्ण ग्रंथी काढली. गाठ तपासल्यावर पॅपिलरी कॅन्सर निघाला, पण लहान होता, कुठे पसरलेला नव्हता, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनचा डोस लागला नाही. पहिले तीन महिने माहेरी होते. तिथे आई पहाटे उठवून थायरॉईडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी द्यायची. जूनमधला टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) १.४ आला. मग शाळा सुरू झाली. तेव्हापासून सकाळी सहाला चहाबरोबर थायरॉईडची, कॅल्शियमची आणि ॲसिडिटीची अशा तिन्ही गोळ्या एकदमच घेऊन टाकते, नाहीतर घाईत राहून जातात. डिसेंबरात टीएसएच ७.८ निघाला म्हणून गोळी १२५ ची केली. पण वजन काही उतरेना. ऑपरेशनआधी ६१ होतं, ते ७० झालं. उंची पाच फूट दोन इंच.

माझ्या नणंदेचीही थायरॉईडची गोळी चालू आहे. ती म्हणाली, "अर्धी जास्त घे, भराभर उतरतं." दोन महिने झाले, रात्री झोपताना अर्धी गोळी वेगळी घेते. हे कोणत्याच डॉक्टरांना सांगितलेलं नाही. वजन एकच किलो उतरलं, पण झोप लागत नाही, छातीत धडधडतं, फळ्यावर लिहिताना हात थरथरतो. परवाचा टीएसएच ०.०४ आला. गावातले डॉक्टर म्हणतात गोळी निम्मी करा. मेडिकलवाले म्हणतात कॅन्सरच्या पेशंटचा कमीच ठेवतात, चांगलं आहे. भाचा म्हणतो वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू कर. कोबी, फुलकोबी, सोयाबीन सोडलंच आहे, मीठही बिनआयोडीनचं आणते. पाळी आता दोन-दोन महिन्यांनी येते. आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मलाही हाडांची भीती वाटते. मी कोणाचं ऐकू? आणि माझी मुलगी १९ वर्षांची आहे, तिची तपासणी करू का?

उत्तर

ताई, सगळ्यात आधी रात्रीची ती जास्तीची अर्धी गोळी आजपासून बंद करा. सकाळची १२५ ची मात्र चुकवू नका आणि ती आपल्या मनाने निम्मीही करू नका. येत्या दोन दिवसांत नाडी, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. शांत बसलेल्या असताना नाडी मिनिटाला १०० च्या वर जात असेल, ठोके मागेपुढे पडत असतील, छातीत दुखत असेल किंवा जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तिथे गेल्यावर अर्ध्या गोळीचं सगळं सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. हे एक वाक्य त्यांना कळलं नाही, तर समोर बसलेला कुठलाही डॉक्टर तुमचा रिपोर्ट चुकीचाच वाचणार. गावातल्या डॉक्टरांचं तसंच झालं. तुम्ही १२५ घेता असं समजून त्यांनी ती निम्मी करायला सांगितली. तुमच्या पोटात जात होते १८७ मायक्रोग्रॅम.

धडधड लगेच थांबली नाही तर घाबरू नका. तुमच्या गोळीतलं हार्मोन, थायरॉक्सिन, रक्तातून फार सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे हाताची थरथर आणि झोपेची तक्रार आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळेल. गरज वाटली तर डॉक्टर तेवढ्यापुरती ठोके आवरणारी गोळी देतील. दम्याचा त्रास असेल तर ती घेण्याआधी त्यांना सांगा.

आता नणंदेच्या सल्ल्याबद्दल. त्यांनी वाईट मनाने सांगितलं नसणार, पण त्यांची गोष्ट वेगळी आणि तुमची वेगळी. त्यांच्या गळ्यात ग्रंथी आहे आणि ती थोडंफार काम करत असावी, गोळी फक्त कमी पडलेलं भरून काढते. तुमच्या गळ्यात ग्रंथीच नाही. शरीराला लागणारं सगळं थायरॉक्सिन त्या एका गोळीतून येतं. जास्त घेतलं तर कमी करणारं आत कोणी नाही, चुकली तर भरून काढणारंही कोणी नाही. म्हणून तुमच्या गोळीकडे औषध म्हणून पाहण्यापेक्षा काढलेल्या ग्रंथीची जागा म्हणून पाहा. ती जागा वजनाच्या काट्याकडे बघून कमीजास्त करायची नसते.

कमी पडणं आणि जास्त देणं, या दोन्ही चुका वैद्यकाने फार पूर्वी करून पाहिलेल्या आहेत. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले सर्जन थिओडोर कोखर यांनी पूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रुग्णांची पाहणी केली. ऑपरेशन उत्तम झालेले ते रुग्ण हळूहळू सुजत, मंदावत गेलेले त्यांना दिसले, कारण तेव्हा गोळी नव्हती. याच कोखरना पुढे १९०९ मध्ये थायरॉईडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड बंद पडलेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. तिचं वय तुमच्याइतकंच होतं, ४६. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. आणि त्याच दशकात हा अर्क नुसतं वजन उतरवायला म्हणून धडधाकट माणसांना दिला जाऊ लागला, तेव्हा त्यांच्या हृदयाने तक्रार केली. आज अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो, की लठ्ठपणासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी हे वापरू नये. जास्त डोसला जीवघेणे परिणाम होऊ शकतात, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

तुमचं ते एक किलो उतरलं, त्यात नुसती चरबी गेली असं समजू नका. थायरॉक्सिन जास्त झालं की स्नायूही झिजतो आणि हाडातला चुना कमी होत जातो. पाळी जाण्याच्या वयात हाडं तशीही पातळ होऊ लागतात. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं असताना तुम्ही तिकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं. सतत जास्त डोसवर राहिल्यास हृदयाचे ठोके कायमचे अनियमित होण्याचा धोकाही वाढतो. दोन महिन्यांत हे सगळं झालं असेल असं मी म्हणत नाही. वेळेवर लिहिलंत, हे फार बरं केलंत.

आता तुमचे तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू, कारण खरं उत्तर त्यात आहे. टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा असतो. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, जास्त झालं की कमी करते. जूनमध्ये माहेरी १०० च्या गोळीवर तुमचा टीएसएच १.४ होता, म्हणजे अगदी हवा तसा. पूर्ण ग्रंथी काढलेल्या माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. तुमचं वजन ६१ होतं, हिशेब ९८ चा येतो, म्हणजे १०० ची गोळी बरोबर होती. डिसेंबरात त्याच गोळीवर ७.८ कसा झाला? या मधल्या काळात बदलली ती तुमची सकाळ. आई पहाटे नुसत्या पाण्याबरोबर देत होती ती गोळी शाळा सुरू झाल्यावर चहा, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर जाऊ लागली. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं. चहा-कॉफी आणि दूध त्याच्या वाटेत येतात. ॲसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि ही गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. बाटलीतून गोळी रोज निघत होती, रक्तात ती पुरती पोचत नव्हती. मग डोस १२५ झाला, तोही तसाच अर्धवट जात राहिला. रात्रीची अर्धी गोळी मात्र एकटी जायची, ती चांगली लागू पडली, आणि टीएसएच एकदम ०.०४ वर आला.

यातून एक गोष्ट निघते, ती नागपूरच्या तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी नीट घेऊ लागलात की १२५ सुद्धा तुम्हाला थोडी जास्त होऊ शकते. आजच्या ६९ किलोला हिशेब ११० च्या आसपास येतो, आणि बाजारात १०० आणि १२५ च्या मधली ११२ ची गोळीही मिळते. पण तो हिशेब फक्त सुरुवातीचा अंदाज असतो, शेवटचा शब्द टीएसएचचा. म्हणून याच आठवड्यात त्यांना फोन करून गोळी कशी घेत होता, अर्धी किती दिवस घेतली, हे सांगा आणि डोस त्यांना ठरवू द्या. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलेला रिपोर्ट अर्धवट खरा असतो, तो पाहून पुन्हा डोस हलवला की हा झोका थांबतच नाही.

सकाळचं गणित असं बसवा. तुम्ही उठता किती वाजता, ते पत्रात नाही, पण सहाचा चहा आणि पुढे शाळा म्हणजे पाचच्या सुमाराला उठत असाल. गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. गजर बंद केला की पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी गोळी, वर ग्लासभर साधं पाणी. मग आंघोळ, डबा, काय असेल ते. चहा गोळीनंतर किमान अर्ध्या तासाने, तास गेला तर उत्तम. लिंबू-मधाचं पाणी, जिऱ्याचं पाणी, ग्रीन टी हेही चहाच्याच रांगेत. जी वेळ ठरेल ती रविवारी आणि सुट्टीतही तीच ठेवा. उपवासाला गोळी चालते. हरतालिकेचा निर्जळ उपवास धरत असलात तरी गोळीपुरतं पाणी घ्या. एखाद्या दिवशी राहून गेली तर त्याच दिवशी पोट रिकामं असेल तेव्हा घ्या. एका दिवसाने मोठं काही बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवशी मनाने दोन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्या. थायरॉईडच्या गोळीपासून ते किमान चार तास लांब हवं. रक्त वाढवायची लोहाची गोळी कधी लागली तर तिलाही हाच नियम. मात्र थायरॉईडच्या गोळीला अडचण नको म्हणून कॅल्शियम बंद करायला जाऊ नका. थायरॉईडच्या मागच्या बाजूला बहुतेकांना चार बारीक पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला की कॅल्शियम उतरतं. बऱ्याच जणांच्या पुढे सावरतात, काहींच्या सावरत नाहीत. तुमच्या सावरल्या की नाही, हे रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन) तपासून कळेल, गोळी किती दिवस घ्यायची ते त्यावर ठरेल. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हाताला पेटके येणं ही कॅल्शियम उतरल्याची खूण आहे. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

ॲसिडिटीच्या गोळीबद्दल मला वेगळंच विचारायचं आहे. ती अजून लागते का? ऑपरेशननंतर थोड्या दिवसांसाठी लिहिलेली ही गोळी लोक वर्षानुवर्षं घेत राहतात, कारण चिठ्ठी पुढे सरकत जाते आणि कोणी ती काढत नाही. डॉक्टरांना विचारा. बंद झाली तर दोन्ही गोळ्यांचं भलं होईल, कारण बहुतेक कॅल्शियमच्या गोळ्यांनाही पोटातलं आम्ल लागतं. पोट साफ होण्यासाठी इसबगोल घेत असाल तर तेही रात्री, थायरॉईडच्या गोळीपासून लांब. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. बायोटिनने थायरॉईडचे आकडे खोटे येतात.

अकोल्याचा उन्हाळाही विसरू नका. ही गोळी ऊन, ओल आणि उष्णता यांनी लवकर खराब होते. ती तिच्या मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावून, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कपाटात. गॅसजवळची फळी, खिडकी, स्कूटीची डिकी या जागा वाईट. रात्री उशाशी नेली तरी सकाळी परत कपाटात ठेवायची. आणि मेडिकलमध्ये "तेच आहे, फक्त कंपनी दुसरी" असं म्हणून दुसरी बाटली दिली, तर शक्यतो आपलीच मागा. बदलावीच लागली, तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहा.

मेडिकलवाल्यांचं म्हणणं राहिलं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टीएसएच उरल्यासुरल्या थायरॉईडच्या पेशींना चालना देतो, म्हणून कॅन्सर पसरलेला किंवा परत येण्याची शक्यता जास्त असेल, तर डॉक्टर तो मुद्दाम ०.१ च्या खाली ठेवतात. तुमच्यासारखा लहान, आतच राहिलेला पॅपिलरी कॅन्सर असेल तर सहसा ०.५ ते २ च्या दरम्यान ठेवतात. त्याहून खाली नेण्यात फायदा थोडा आणि हाडांचं-हृदयाचं नुकसान जास्त. म्हणजे लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा तुमची नसू शकते आणि दुसऱ्या कॅन्सरच्या पेशंटची तर नसतेच. नागपूरच्या डॉक्टरांना एका ओळीत लिहून मागा, "यांचा टीएसएच इतका ते इतका ठेवायचा." ती ओळ आणि गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट, दोन्हीची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर लावा. गावात सर्दीतापासाठी गेलात तरी ती फाइल बरोबर न्या. मग रिपोर्टवरचा तांबडा बाण पाहून कोणी घाईने गोळी बदलणार नाही.

आता वजन. गोळीचा हिशेब टीएसएच बघून, वजनाचा हिशेब ताटाकडे आणि पायांकडे बघून. हे दोन्ही एकत्र केले की दोन्ही बिघडतात.

तुमच्या नऊ किलोंतलं काही थायरॉईडचं आहे, हे मला मान्य आहे. "सगळं तुमच्या खाण्यामुळे" असं कोणी म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नका. थायरॉक्सिन कमी पडलं की वजन वाढतं, पण ती वाढ बहुतेकांत दोन ते पाच किलोंची असते आणि तिच्यात बरंचसं मीठ-पाणी असतं. टीएसएच जागेवर आला की त्यातलं काही आपोआप उतरतं. उरलेलं वयाचं, पाळी जाण्याच्या सुमाराला पोटाभोवती साठणाऱ्या चरबीचं आणि ऑपरेशननंतर हालचाल कमी झाल्याचं. घरोघरी आजारातून उठलेल्या माणसाला डिंकाचे लाडू आणि शिरा मिळतो, पाणी भरायला मात्र कोणी उठू देत नाही. तुमच्याकडेही तसंच झालं असेल.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आज २८ आहे. आपल्याकडे २३ च्या वर जास्त धरतात. पण ६१ वर परत जायचं असं आता ठरवू नका. आधी साडेतीन किलो, म्हणजे आजच्या वजनाच्या पाच टक्के, चार ते सहा महिन्यांत. साखर, रक्तदाब, गुडघे यांना एवढ्यानेही फरक पडतो. आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा. अर्धी गोळी बंद केल्यावर पहिल्या महिन्यात एखादं किलो वाढलेलं दिसेल. ते दिसलं म्हणून पुन्हा तिकडे हात जाऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उपाशी राहून, एक वेळ जेवून, नुसत्या सूपवर उतरवायचं नाही. तुमच्या गोळीत टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन, असतं, शरीर त्याचं टी-थ्री करतं आणि काम ते टी-थ्री करतं. खाणं एकदम तोडलं की शरीर हे रूपांतर कमी करतं. मग थंडी वाजते, गळून जायला होतं, केस जातात, टीएसएच मात्र ठीक दिसतो. आणि बाईला वाटतं, गोळीच कमी पडतेय.

ताट बदलायला फार काही लागत नाही. ज्वारीची भाकरी तुमच्या घरची आहेच, ती ठेवा, संख्या ठरवा. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकी-बरबटीची उसळ, पिठलं, अंडी, दही यांपैकी एकदोन गोष्टी भरपूर हव्यात. स्नायू टिकायला तुमच्या वजनाला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, एका अंड्यात असतात ६. भाजीचं प्रमाण भाकरीपेक्षा मोठं करा. तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यावरून करा. माणशी पाऊण लिटरच्या वर जात असेल तर तिथे हात घाला. शाळेतला आणि घरचा मिळून चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला १६० कॅलरी. साबुदाण्याची खिचडी हा उपवासातला सगळ्यात जड पदार्थ आहे, नुसत्या १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० कॅलरी, वर कूट आणि तूप. त्यापेक्षा भगर, ताक, उकडलेलं रताळं बरं.

कोबी आणि फुलकोबी आजच आणा. या भाज्या थायरॉईडला वाईट म्हणतात ते त्या ग्रंथीच्या कामात थोडी आडकाठी करतात म्हणून. ग्रंथीच नसेल तर आडकाठी कशाला करणार? सोयाबीनही खा, फक्त गोळीच्या वेळेपासून चार तास लांब. मीठ मात्र पुन्हा आयोडीनचंच आणा. तुम्हाला स्वतःला गोळीतून सगळं मिळतं, पण घरातल्या बाकीच्यांना आयोडीन लागतं, आणि सगळ्यात जास्त तुमच्या १९ वर्षांच्या मुलीला, जिला पुढे मुलंबाळं व्हायची आहेत. पुढे कधी आयोडीनचा डोस किंवा स्कॅन ठरला, तर तेवढ्या दोन आठवड्यांपुरतं बिनआयोडीनचं मीठ सांगतील.

धडधड थांबेपर्यंत व्यायाम म्हणजे सावकाश चालणं, बस्स. ईसीजी ठीक असेल आणि नाडी जागेवर आली की रोज अर्धा तास भरभर चाला. आठवड्यातून दोन दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. भार पेलणारा व्यायाम हाडांनाही लागतो. आईचा इतिहास सांगून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि डी जीवनसत्त्व, दोन्हीबद्दल डॉक्टरांना विचारा.

भाच्याने सांगितलेली इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड, खरोखर वजनाचीच औषधं आहेत आणि योग्य माणसाला उपयोगी पडतात. मात्र थायरॉईडच्या कॅन्सरमधला मेड्युलरी हा प्रकार स्वतःला किंवा घरात कोणाला झालेला असेल तर ती घ्यायची नसतात. तुमचा पॅपिलरी, म्हणजे ती आडकाठी नाही, तरी सुरू करण्याआधी बायोप्सीचा कागद दाखवा, तोंडी सांगू नका. ही औषधं सहसा बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत रक्तदाब-साखरेसारखा आजार असेल तर देतात. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपातही येतं, पण तिलाही सकाळचं रिकामं पोटच लागतं आणि तिच्यामुळे रक्तात थायरॉक्सिन जास्त पोचतं, म्हणून थायरॉईडच्या गोळीचा डोस पुन्हा तपासावा लागतो. वजन बरंच उतरलं तरीही तपासावा लागतो. माझं मत विचाराल तर आज नको. टीएसएच दोनदा जागेवर येऊ द्या, ताट आणि चालणं सहा महिने जमवा, मग लागलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टशी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांशी, बोलून ठरवा. ऑनलाइन किंवा ओळखीतून मिळणाऱ्या "वजन उतरवणाऱ्या" पुड्या आणि कॅप्सूल मात्र कधीच नकोत. अशा काही मालात न सांगता थायरॉईडचं हार्मोन मिसळलेलं सापडलं आहे, आणि तुमच्या बाबतीत ते म्हणजे पुन्हा तीच रात्रीची अर्धी गोळी.

मुलीबद्दल. पॅपिलरी कॅन्सर बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. एकाच घरात दोन-तीन जणांना झाला असेल तर वेगळा विचार करतात. तुमच्याकडे दुसरं कोणी नसेल तर तिची सोनोग्राफी करत बसू नका. गळ्याला गाठ हाताला लागली, आवाज काही आठवडे बसलेला राहिला किंवा गिळताना अडखळलं, तर दाखवा. एरवी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना आईच्या आजाराबद्दल एकदा सांगून ठेवा, तेवढं पुरे.